पेरभर लाकूड

तेरा खोल्या, असं मी फोनवर सांगितलं होतं,
तर कुडाळहून आलेल्या पेडणेकरांनी खिशातून टेप काढली
आणि पडवीपासून मोजत सुटले.
लांबी, रुंदी, मग मान मागे टाकून कौलांपर्यंतची उंची.
"हवा किती आहे ते कळलं पाहिजे," म्हणाले.
साठ वर्षं राहतोय मी इथे, शिरोड्यात,
घरात हवा किती, हे कुणी विचारलं नव्हतं.
ओल किती ते विचारा.

गाव मिठागरांचं,
आणि आषाढात बरणीतलं मीठ पाण्यात बसलेलं.
चपलांवर हिरवी लव. काडेपेटी उशीखाली.
अल्बममधली जोडपी एकमेकांना घट्ट चिकटलेली,
ज्यांचं कधी पटलं नाही तीसुद्धा.

वैजू येणार होती बाळंतपणाला, तारीख ऐन आषाढातली.
म्हणजे दुपटी, लंगोट, झबली,
आणि आठ-आठ दिवस उन्हाचा पत्ता नाही.
तिच्या आईच्या वेळी निखाऱ्यांची शेगडी होती,
खाटेखालून शेक, वर ओव्याची धुरी;
माझी बहीण महिनाभर डोळे पुशीत होती,
आम्हांला वाटायचं, माहेरी आली म्हणून.
आता डॉक्टरीणबाईंनी बजावलंय,
बंद खोलीत निखारे नकोत.

म्हणून हे पेडणेकर.
कॅटलॉगात बर्फातलं घर, काचेमागे ज्योत,
पुढ्यात लोळणारं झिपरं कुत्रं.
टेबलावर त्यांनी मूठभर पेलेट ओतले,
भुसा दाबून केलेले, बोटाच्या पेराएवढे.
काजूच्या टरफलांचेही होते, स्वस्त. ते नको म्हटलं.
टरफलाच्या डिंकानं माझ्या हातांची सालं निघाली आहेत.
शेजारच्या शेळीनं खाद्य समजून एक तोंडात घेतला,
आमच्याकडे बघत थुंकला.

मोठी शेगडी तासाला अडीच किलो खाणार,
लहान, एक.
"मोठीच घ्या, सगळं घर खडखडीत होईल."
खडखडीत!
त्या शब्दावर मी अर्धा विकला गेलो होतो.
कालनिर्णयाच्या पाठीवर हिशेब मांडला:
दिवसाला साठ किलो. चार महिने. सात टनांच्या वर.

आबेल मिस्त्री धुराड्यासाठी चिऱ्यात भोक पाडायला आलेला,
छिन्नी मांडीवर ठेवून ऐकत होता.
"येवढे गोणी ठेवतलास खंय?"

तेव्हा पेडणेकर जरा आवाज उतरवून म्हणाले,
पेलेटना ओल लागता कामा नये.
फुगतात. परत भुसा होतो.
घरातली सर्वांत कोरडी खोली लागेल.

कोरडी खोली आमच्याकडे एकच,
चुलीच्या भिंतीला पाठ लावून बसलेली.
तीच वैजूसाठी झाडून ठेवली होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग आबेल उठला, खडूनं त्याच खोलीच्या भिंतीवर
एक गोल काढला, ताटलीएवढा.
"ऊब पोराक होयी, घराक कित्याक?"

लहान घेतली.
आतला पंखा विजेवर, म्हणून एक बॅटरी घेतली,
तिची किंमत वहीत वेगळ्या पानावर लिहिली.
बारा खोल्या त्यांच्या बुरशीवर सोडल्या.
गोणी खाटेखाली सरकवल्या,
पूर्वी निखारे असायचे तिथे.

मुलगा झाला. अडीच किलो,
मला एकदम मोठ्या शेगडीचा तास आठवला.
आता दोरीवर लंगोट दोन तासांत वाळतात,
आणि पेलेट आत पडत राहतात, टक, टक,
थांबून, टक.
त्याच आवाजावर तो झोपतो,
पाळणा हलवावा लागत नाही.

परवा रात्री ट्रान्सफॉर्मर गेला. पहाटेकडे बॅटरीही.
बाहेर पाऊस कौलं फोडत होता,
पण त्याला जागं केलं ते
खोलीतल्या शांततेनं.
वैजूनं त्याला पोटाशी घेतलं.
मी अंधारात ओणवा होऊन
खाटेखाली हात घातला, गोण चाचपली.

कोरडी होती.